झोपाळ्याच्या कडीला मारुतीचं इंजिन टांगता येईल का?

कृष्णाकाठ
मंडळी, थोडा विचित्र प्रश्न आहे.

वडिलांची १९९७ ची मारुती ८०० आहे. पांढरी, कार्ब्युरेटरवाली, एमएच-१० (सांगली) पासिंग. वडील जाऊन चार वर्षं झाली, पण गाडी रोज निघते. मंडई, आईचा दवाखाना आणि महिन्यातून एकदा नरसोबाची वाडी, एवढाच तिचा प्रवास. आता मात्र निळा धूर इतका सोडते की सिग्नलला मागचा दुचाकीवाला शिव्या घालून पुढे जातो. पाचशे किलोमीटरला जवळपास लिटरभर ऑइल पिते. फिटरने कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघितलं. दोन सिलिंडर बरे, तिसरा बाकीच्यांच्या निम्म्यावर. "इंजिन खाली घ्यावं लागेल, नाहीतर भंगारातून तयार हाफ इंजिन (वरचं हेड सोडून बाकीचं) आणून बसवू," म्हणाला. आकडा सांगितला ३८ हजार. गाडी विकली तर तेवढेही यायचे नाहीत.

मी बँकेत आहे. पण कॉलेजात असताना स्कूटरचं इंजिन दोनदा खोललंय, आणि मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरीच इंजिन उतरवायचं दोघांच्या डोक्यात आहे. घर १९७८ चं, पोर्चच्या स्लॅबला झोपाळ्याच्या चार कड्या आहेत. झोपाळा काढून तिथे चेन पुली अडकवावी म्हणतो. चालेल का? आईचा झोपाळा काढायलाच विरोध आहे, तो भाग वेगळा.

बोल्टूराम
आईंना अनुमोदन.

आंबेमोहोर
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. फोटो टाकत जा.

नाना पेठी
करा, बिनधास्त करा. ८०० इतकं घरी करण्याजोगं इंजिन दुसरं नाही. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, वर एकच कॅमशाफ्ट. आमच्याकडे गॅरेजमधली दोन पोरं गिअरबॉक्स खालून वेगळा करतात आणि मग इंजिनाला दोर बांधून, वाशाला अडकवून खांद्यावर उचलून बाहेर काढतात. चेन पुली वगैरे सोपस्कार मोठ्या गाड्यांना.

पण सुरुवात करण्याआधी एक सांगा. कॉम्प्रेशन बघताना ओली टेस्ट केली होती का? म्हणजे प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत बघायचं. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, ऑइलने फट तेवढ्यापुरती बुजली. नाही चढला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. तसं असेल तर नुसतं हेड उतरवून काम होईल, इंजिन जागचं हलवायलाही नको. अर्ध्या लोकांना फिटर हे सांगतच नाहीत.

कृष्णाकाठ
@नाना पेठी, आज संध्याकाळी केली. मुलाने सिरिंजने ऑइल सोडलं. तिसऱ्याचा आकडा चांगलाच चढला. म्हणजे रिंगाच.

ओळंबा
मी स्थापत्यवाला, त्यामुळे इंजिनाबद्दल गप्प, कडीबद्दल बोलतो.

झोपाळ्यावर तिघं जण बसतात, ते वजन तुमच्या इंजिन-गिअरबॉक्सपेक्षा जास्तच भरतं. म्हणून लोकांना वाटतं, कडी धरेल. पण झोपाळ्याचं वजन चार कड्यांत वाटलं जातं आणि तुम्ही सगळं एका कडीवर टाकणार. आणि मुख्य धोका वजनाचा नाहीच. चेन पुली म्हणजे एका हाताने टनभर ओढायचं यंत्र. माउंटिंगचा एक बोल्ट काढायचा राहिला, किंवा एखादी वायर अडकली, तर पुलीला ते कळत नाही. तुम्ही साखळी ओढत राहता, आणि इंजिनासोबत अख्ख्या गाडीचं नाक वर उचललं जातं. कडीवर तेव्हा इंजिनाचं वजन नसतं, गाडीच्या पुढच्या भागाचं असतं.

त्यात १९७८ चा स्लॅब. कडी आतल्या सळईला आकडा मारून बांधलीय की नंतर भोक पाडून सिमेंटने चिकटवलीय हे बाहेरून दिसत नाही. दिसणारा भाग गुळगुळीत असतो (झोपाळ्याने घासून घासून), आणि स्लॅबमध्ये शिरते तिथेच गंज असतो. सांगलीत तर पोर्चमध्ये पुराचं पाणी आलं असेल तर बघायलाच नको.

थोडक्यात, नका करू.

कृष्णाकाठ
२०१९ ला पोर्चमध्ये छातीइतकं पाणी होतं, कडीपर्यंत नाही. गाडी तेव्हा विश्रामबागला भावाकडे उंचावर नेऊन ठेवली होती म्हणून वाचली.

वसंतदादांचा_गाववाला
अवांतर होतंय पण लिहितोच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या गल्लीतल्या अकरा गाड्या चार-पाच दिवस पाण्याखाली. पाणी उतरल्यावर सगळ्यांनी पहिलं काम काय केलं? किल्ली फिरवली. तिथेच संपलं. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी बसलेलं, पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर यायला जातो, अडतो, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसते प्लग काढून पाणी बाहेर पडू दिलं असतं, ऑइल बदललं असतं, तर निम्मी इंजिनं वाचली असती. मी स्वतः एक वाकलेला रॉड पेपरवेट म्हणून टेबलावर ठेवलाय.

त्या वर्षी इथल्या गॅरेजांत इंजिन बदलायला रांग होती. लोक कोल्हापूरला जायचे तर तिथेही पूर.

उद्यमनगरी
कोल्हापूरचं नाव निघालं म्हणून आलो. काय मर्दा, सांगलीत बसून भंगारातलं हाफ इंजिन शोधताय? पन्नास किलोमीटरवर शिवाजी उद्यमनगर आहे. तुमचा स्वतःचा ब्लॉक घेऊन या. बोअर (सिलिंडर आतून घासून मोठं करणं), क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, सगळं एका गल्लीत. सकाळी टाका, रंकाळ्यावर फिरून या, संध्याकाळी घेऊन जा. (खरं तर दोन दिवस लागतात. पण बोलायला काय जातं.)

भंगारातलं हाफ इंजिन म्हणजे न बघता लग्न. वरून धुऊन चकचकीत केलेलं असतंय, आत कुणी काय केलंय देवाला ठाऊक. आपला ब्लॉक आपल्याला माहीत असतोय.

बोल्टूराम
उद्यमनगरीकरांशी असहमत. मी २०१६ ला माझ्या ओम्नीला भंगारातलं हाफ इंजिन बसवलं, १४ हजारांत, आजही पळतंय. बोअर करायचं तर पिस्टन सेट, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, मशीनची मजुरी, सगळं मोजलं की त्याच्यावर जातं. शिवाय पंधरा दिवस गाडी उघडी पडते. आपल्यासारख्या हौशी माणसाला तयार इंजिन बसवणं सोपं. एक काढा, एक घाला.

आर्टीओची_वारी
"एक काढा, एक घाला" म्हणणाऱ्यांसाठी. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो, आणि तोच आरसी बुकात असतो. दुसरा ब्लॉक घातला की नंबर बदलला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची मान्यता लागते आणि आरसीत नोंद करून घ्यावी लागते. ती नसेल तर पुढच्या नूतनीकरणाला गाडी अडते, विमा कंपनी दाव्याला फाटा देते, आणि भंगारातलं ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुमच्या पोर्चमध्ये. म्हणून हाफ इंजिन घ्यायचंच असेल तर पक्कं बिल, ज्या गाडीतून निघालं तिच्या कागदांची प्रत, आणि नंबरची पट्टी कोणी घासलेली नाही ना हे बोटाने चाचपून बघणं. घासलेली जागा बोटाला कळते, डोळ्याला नाही.

स्वतःच्याच ब्लॉकला बोअर केलं तर यातलं काहीच नाही. नंबर तोच.

१९९७ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आहेच. एप्रिल २०२२ मध्ये त्या कामाची केंद्राची फी मोटारीला ६०० वरून ५००० झाली होती. शिवाय आपल्याकडचा पर्यावरण कर. धूर सोडत गेलात तर पीयूसीलाच परत पाठवतील.

सुधारक
मुळात प्रश्न असा की सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची गाडी चालवायचीच कशाला? ना एअरबॅग, ना एबीएस. धूर तर सगळ्या गल्लीला. स्क्रॅप करा, आईंना नव्या गाडीतून दवाखान्यात न्या. भावना वेगळी, सुरक्षा वेगळी.

बोल्टूराम
आले. धाग्यावर अजून कसे आले नाहीत म्हणत होतो.

मांडवीपार
सुधारकांच्या म्हणण्यात सुरक्षेचा मुद्दा खरा आहे, हायवेला ही गाडी नेऊ नये. पण गावातल्या गावात तीस-चाळीसच्या वेगाने फिरणाऱ्या गाडीसाठी एक नवी गाडी तयार करून आणायची, यात पर्यावरणाचं भलं काय ते मला समजत नाही. आमच्या गोव्यात सासष्टीला घरटी एक जुनी ८०० उभी असते, पोदेर (पाववाला) येतो त्याच वेळी तीही बाहेर पडते.

सुधारक
चालू ठेवा. पण धूर तरी थांबवा.

कृष्णाकाठ
@सुधारक, धूर थांबवण्यासाठीच तर हा खटाटोप आहे. रागावलो नाही. बायकोचंही तुमच्यासारखंच मत आहे.

म्युनिकस्थ
इथे जर्मनीत भाड्याचं हौशी गॅरेज मिळतं. तासावर लिफ्ट घ्यायची, हत्यारं तिथलीच. इंजिन बदललं की ट्यूफच्या (वाहन तपासणी संस्थेच्या) माणसाला दाखवून कागदात नोंद करायची, तिथे सुटका नाही. मी एका मित्राच्या गाडीचं क्लच बदलायला गेलो होतो. सहा तासांचं भाडं भरलं, त्यातले चार तास एका गंजलेल्या बोल्टशी गेले.

त्यावरून सांगतो, सगळ्या बोल्टांवर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. एक्झॉस्टच्या नटांवर तर दोन रात्री.

नाना पेठी
बरोबर. अजून काही सुचतं तसं लिहितो, क्रम लावत नाही.

बॉनेट काढताना बिजागरीभोवती पेन्सिलने रेघ मारा, परत बसवताना तासभर वाचतो. प्रत्येक वायरला आणि व्हॅक्यूमच्या पाइपला मास्किंग टेप लावून नंबर घाला. मोबाइलवर फोटो काढतातच लोक, पण काळ्या डब्यात काळ्या वायरचा फोटो काही कामाचा नसतो. एसी असेल तर कॉम्प्रेसरचे पाइप खोलू नका, अख्खा कॉम्प्रेसर सोडवून बाजूला दोरीने बांधा, गॅस वाचतो. गाडी विटांवर अजिबात ठेवू नका. वीट दाबाखाली सांगून फुटत नाही. भाड्याने लोखंडी घोड्या आणा.

आणि इंजिन परत बसवताना क्लच प्लेट मधोमध बसली पाहिजे, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जातच नाही. गॅरेजवाले जुना शाफ्ट घालून सेंटर करतात. तुमच्याकडे नसेल तर झाडूचा दांडा घ्या, टेप गुंडाळत गुंडाळत मापाचा करा.

संत्रानगरीकर
भाऊ, झाडूचा दांडा बायकोला विचारून घ्या बरं.

माझा एक सल्ला. तुमच्याकडे बोअरवेलची मोटर काढणारे आहेत ना? त्यांच्याजवळ लोखंडी पाइपाची तिपाई असते, वर चेन पुली. दोनशे फूट पाइप अन् मोटर ओढून काढते ती, तुमचं इंजिन तिच्यासाठी काहीच नाही. आम्ही काटोलला ट्रॅक्टरचं इंजिन असंच काढलं होतं. फक्त तिचे पाय फरशीवर घसरतात, खाली पोतं टाका अन् तिन्ही पाय दोरीने एकमेकांना बांधा.

ओळंबा
हे! हे पाहिजे होतं. कडीचा विषय माझ्यापुरता संपला.

कृष्णाकाठ
वा! आमच्या समोरच्या गल्लीतच आहे एक बोअरवाला. उद्या विचारतो.

फक्त_वाचक
वाचतोय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

आंबेमोहोर
दिवाळी होऊन महिना झाला. @कृष्णाकाठ, गाडी आहे का अजून? की सुटे भाग झाले?

कृष्णाकाठ
आहे, आहे. उशीर झाला, माफी. सविस्तर लिहितो.

नरक चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तिपाई आणली. बोअरवाल्याने दिवसाचे दोनशे घेतले. गिअरबॉक्स आधी खालून उतरवला, मग इंजिन वरून. सकाळी आठला सुरुवात, इंजिन हवेत गेलं तेव्हा दुपारचे साडेतीन. ओळंबांनी लिहिलेलं तंतोतंत घडलं. साखळी ओढतोय, इंजिन हलत नाही, आणि मुलगा ओरडला, "बाबा, पुढची चाकं वर चाललीत!" मागच्या माउंटिंगचा बोल्ट आम्ही सैल केला होता, काढला नव्हता. त्या क्षणी मी एकदा तिपाईकडे बघितलं आणि एकदा वर झोपाळ्याकडे. झोपाळ्यावर आई बसली होती.

हेड काढलं, पिस्टन बाहेर आले. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे, नख अडकत होतं. मुलगा ब्लेडने पिस्टनवरचा कार्बन खरवडत बसला होता. खरवडता खरवडता माथ्यावर कोरलेला आकडा वर आला: ५०. आधी कळलंच नाही. मग उद्यमनगरात ब्लॉक नेला तर तिथल्या मिस्त्रींनी बघताक्षणी सांगितलं, "ह्याला आधीच अर्धा मिलिमीटर बोअर झालंय."

म्हणजे हे इंजिन वडिलांनी पूर्वी एकदा केलं होतं. आम्हाला कुणाला पत्ता नाही. घरी येऊन त्यांची गाडीची फाइल काढली. पीयूसीच्या जुन्या पावत्यांमध्ये २००८ चं बिल सापडलं. पिस्टन, रिंगा, मजुरी. आईला दाखवलं. तिने चष्मा लावून तारीख वाचली आणि म्हणाली, "तरीच. त्या वर्षी फ्रिज घ्यायचा राहिला. मला म्हणाले, बोनस कमी झाला."

आता अजून बोअर वाढवायला मिस्त्री तयार नव्हते, ओरखडा खोल होता. म्हणून तिन्ही बोअरना स्लीव्ह (आतून बसवायच्या नव्या नळ्या) घातले आणि मूळ मापाचे, ६८.५ मिलिमीटरचे, स्टँडर्ड पिस्टन बसवले. ब्लॉक तोच, नंबर तोच, आरटीओत जायला नको. स्लीव्ह, पिस्टन सेट, बेअरिंग, हेडचं काम, गॅस्केट, टायमिंग बेल्ट आणि क्लच प्लेट धरून २१,४०० झाले. बोल्टूरामांचं इंजिन स्वस्तात पडलं असतं, हे कबूल.

बोल्टूराम
कबुलीबद्दल धन्यवाद. फ्रिजसाठी वडिलांना दंडवत.

उद्यमनगरी
नाद खुळा! आणि आमच्या गल्लीत येऊन रंकाळ्याला गेला नाहीत ना? कळलं मला.

नाना पेठी
पहिल्या फटक्यात सुरू झाली का?

कृष्णाकाठ
नाही ना. ती खरी गंमत.

ऑइल भरलं, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर काढून नुसता स्टार्टर मारून ऑइलचा दिवा विझेपर्यंत फिरवायचं ठरवलं. किल्ली फिरवली तर इंजिन कण्हल्यासारखं थोडं हललं आणि थांबलं. बॅटरी नवी. पाच-सहा वेळा प्रयत्न केला. तेवढ्यात जळका वास. मुलाने बॉनेटखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. क्लचची केबल तापली होती. इतकी, की वरचं प्लॅस्टिक मऊ पडलं होतं.

अर्धा तास दोघं केबलकडे बघत बसलो. क्लचच्या केबलचा विजेशी संबंध काय? मग मुलाच्या लक्षात आलं. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची जाड पट्टी आम्ही काढून डब्यात ठेवली होती. टेप नाही, नंबर नाही, कारण ती वायरसारखी दिसतच नाही. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला, आणि इंजिन रबरी माउंटिंगवर अधांतरी. स्टार्टरचा सगळा करंट परतीची वाट शोधत क्लचच्या केबलमधून जात होता.

पट्टी लावली. ऑइलचा दिवा विझला. मग कॉइल जोडली आणि चालू केली, तर फाट-फाट करत कार्ब्युरेटरमधून उलटा भडका. एचटीच्या (प्लगला ठिणगी देणाऱ्या) दोन वायरी उलट लागल्या होत्या. सिलिंडरचा फायरिंगचा क्रम १-३-२ आहे, मी सवयीने १-२-३ लावलं. ते बदललं आणि लागली. पहिली दहा मिनिटं धूर आला, जमवताना लावलेलं ऑइल जळत होतं, मग साफ.

नाना पेठी
अर्थची पट्टी! पाहिलंत का, मी एवढं सगळं लिहिलं आणि तेच राहिलं. चूक माझी. पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर नेऊ नका, आणि पाचशेला ऑइल बदला, त्यात चमक दिसेल, घाबरू नका.

सुधारक
अभिनंदन. पीयूसी झाली का?

कृष्णाकाठ
झाली. पहिल्याच फेरीत पास. तुमची आठवण काढून पावतीचा फोटो काढलाय.

ओळंबा
कडी तपासून घ्या मात्र. झोपाळ्यासाठीसुद्धा.

कृष्णाकाठ
तपासली. मागची डावी कडी स्लॅबजवळ निम्मी खाल्लेली निघाली. सध्या झोपाळा काढून ठेवलाय. आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये.

संत्रानगरीकर
अन् बोअरवाल्याने तिपाई परत नेली का?

कृष्णाकाठ
नेली. पण त्या दिवशी तोही संध्याकाळपर्यंत थांबला होता. जाताना विचारत होता, दिवाळीनंतर तुम्ही मोकळे आहात का. त्याचीही ८०० आहे, २००१ ची, निळा धूर सोडते.